क्रमांक म्हणजे गुणवत्ता नव्हे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कंत्राटी कामगार, पाणीवाटप, वनजमिनीचे दावे अशा विषयांच्या शेजारी ‘परीक्षेत गुण कसे द्यावेत’ हा विषय संयोजकांनी ठेवला, तेव्हा तो शिक्षकांच्या परिषदेत शोभेल, येथे नव्हे, असे काही साथींना वाटले असेल. मला तसे वाटत नाही. ज्याची जमीन धरणाखाली गेली, त्याला ती कोणी घेतली हे ठाऊक असते आणि तो मोर्चात येतो. ज्याच्या मुलीला महाविद्यालयात जागा मिळाली नाही, तो मात्र येत नाही. कारण त्याच्या हाती एक कागद दिलेला असतो, त्यावर एक आकडा छापलेला असतो, आणि मुलगीच कमी पडली असे तो आकडा त्याला सांगतो. बाप ते खरे मानतो. मुलगीही खरे मानते. अन्यायाचे कारण स्वतःतच शोधायला लावणारी व्यवस्था फार टिकाऊ असते. म्हणून त्या आकड्याची घडण समजून घेणे हे आपले राजकीय काम आहे.

गुण देण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत निकष आधी ठरतो. नदी पोहून जाण्याची परीक्षा घ्यायची असेल, तर पलीकडचा काठ हा निकष. जो काठाला लागला तो उत्तीर्ण. सगळे लागले तर सगळे उत्तीर्ण, आणि कोणीच लागले नाही तर कोणीच नाही. दुसऱ्या रीतीत काठाला महत्त्व नाही; कोण कोणाच्या पुढे, एवढेच पाहायचे. शंभरातले पहिले दहा उत्कृष्ट, नंतरचे पंचवीस उत्तम, आणि शेवटचे पाच अनुत्तीर्ण. मग ते शेवटचे पाच काठाला लागलेले का असेनात. पहिल्या रीतीला निरपेक्ष गुणांकन म्हणतात, दुसरीला सापेक्ष. सापेक्ष रीतीत श्रेणींचे प्रमाण पुष्कळदा घंटेच्या आकाराच्या एका वक्रावरून ठरवले जाते, म्हणून आपली मुले तिला ‘कर्व्ह लावणे’ म्हणतात. पर्सेंटाइल हे तिचेच भावंड.

हा प्रश्न दूरचा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने श्रेयांक पद्धतीसाठी दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत दोन्ही रीतींना मुभा आहे. आयआयटीसारख्या संस्थांतून सापेक्ष रीत फार पूर्वीपासून रूढ आहे. जेईई मुख्य परीक्षा आणि आपल्या राज्याची एमएचटी-सीईटी या दोहोंचे निकाल २०१९ पासून पर्सेंटाइलमध्ये लागतात. म्हणजे अभियंता, औषधशास्त्रज्ञ वा कृषी पदवीधर होऊ पाहणाऱ्या मुलांचे भवितव्य आज या वक्राशी बांधले गेले आहे. ही रीत न्याय्य आहे काय, हा आजचा प्रश्न.

घंटेच्या आकाराचा इतिहास

हा वक्र शाळेत जन्मला नाही. १७३३ साली द म्वाव्र या गणितज्ञाने नाणेफेकीसारख्या दैवाधीन गोष्टींचा हिशेब करताना तो मांडला. पुढे १८०९ मध्ये गाउसने ग्रहताऱ्यांच्या निरीक्षणातील चुका कशा विखुरतात हे सांगण्यासाठी तो वापरला. एकच तारा अनेकदा मोजला, तर थोड्या चुका इकडे, थोड्या तिकडे, आणि बहुतेक मोजण्या मध्याजवळ. हा त्या वक्राचा अर्थ. येथवर कोणाचे काही बिघडले नव्हते.

पुढे बेल्जियमच्या केतले याने १८३५ मध्ये ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली आणि चुकांचा हा वक्र माणसांच्या शरीरमापांना लावला. इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने १८६९ मध्ये तो बुद्धीला लावला. मोठ्या घराण्यांत मोठी माणसे जन्मतात, तेव्हा बुद्धी रक्तातून येते, असा त्याचा सिद्धांत. मोठ्या घराण्यांत पुस्तके, शिक्षक, ओळखी आणि फुरसतही असते, हे त्याने दुर्लक्षिले. माणसांची पैदास निवडून करावी, या मताला १८८३ मध्ये ‘युजेनिक्स’ हे नाव देणारा तोच. आपल्याकडे जन्मावरून अधिकार ठरवण्यासाठी कोणत्याही वक्राची गरज पडली नव्हती. पण त्या जुन्या समजुतीला आकडेशास्त्राचा अंगरखा मिळाला तो असा.

वर्गात हा वक्र आणला तो अमेरिकेत. १९०८ साली मिसुरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ मॅक्स मेयर यांनी सुचवले की, वर्गातील ३ टक्के विद्यार्थी उत्कृष्ट, २२ टक्के सरस, ५० टक्के मध्यम, २२ टक्के कनिष्ठ आणि ३ टक्के अनुत्तीर्ण, असे प्रमाण शिक्षकांनी सामान्यतः पाळावे. ज्ञानेच्छू मुले वर्गात बसण्यापूर्वीच त्यांतली किती नापास होणार, हे अशा रीतीने ठरले.

शिकागोचे शिक्षणशास्त्रज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९६८ मध्ये याचे मर्मावर बोट ठेवले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, हा वक्र योगायोगाचे चित्र आहे आणि शिक्षण हा हेतुपूर्वक केलेला उद्योग आहे. शिकवण्याचा परिणाम झाला असेल, तर मुलांचे गुण योगायोगाच्या आकृतीत बसता कामा नयेत. ते जितके त्या आकृतीत बसतील, तितके आपले शिकवणे वाया गेले असे समजावे. वक्र जुळला म्हणून समाधान मानणाऱ्या संस्थांनी हे वाक्य मनाशी घोळवावे.

विरोधी पक्षाचे म्हणणे

तथापि साथींनो, वक्र अन्यायी म्हणून गुणांची जुनी पद्धत न्यायी, असे समजण्याचे कारण नाही. सापेक्ष रीतीच्या समर्थकांजवळही सबळ मुद्दे आहेत आणि ते न ऐकता ठराव करणे आपल्या परंपरेला शोभणार नाही.

पहिला मुद्दा परीक्षकाचा. स्टार्च आणि इलियट या अमेरिकन संशोधकांनी १९१३ मध्ये भूमितीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली. भूमितीत तरी मतभेदाला जागा नसावी. पण कोणी शंभरापैकी तिसाच्या आत गुण दिले, कोणी नव्वदाच्या वर. ‘निरपेक्ष’ म्हणवणारा गुण असा परीक्षकाच्या स्वभावावर लटकलेला असतो. कडक परीक्षकाच्या हाती पडलेल्या मुलाने काय पाप केले? निदान वर्गातील क्रमांक पाहिला, तर परीक्षकाचा कडकपणा सर्वांना सारखाच लागतो.

दुसरा मुद्दा वेगवेगळ्या मंडळांचा, आणि तो महाराष्ट्राने अनुभवला आहे. अकरावीच्या प्रवेशासाठी राज्य मंडळाची, आयसीएसईची आणि सीबीएसईची मुले एका रांगेत येतात. एका मंडळाचा हात सैल, दुसऱ्याचा आखडता. २००८ साली राज्य सरकारने प्रत्येक मंडळातील अव्वल विद्यार्थ्यांच्या गुणांचे माप धरून ‘पर्सेंटाइल’चे सूत्र आणले, मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले. २००९ मध्ये नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या मुलांना राखण्याचे धोरण आले. तेही रद्द झाले. २०१० मध्ये ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ आले. त्यालाही उच्च न्यायालयात नकार मिळाला आणि शेवटी सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. तीन वर्षे, तीन सूत्रे, आणि जून-जुलैत न्यायालयाच्या पायऱ्यांवर पालक. यातील एकाही सूत्राने शहरातील नामांकित महाविद्यालयांतल्या जागांत वाढ केली नाही, हे जाता जाता लक्षात ठेवावे.

तिसरा मुद्दा पाळ्यांचा. लाखो मुलांची परीक्षा संगणकावर घ्यायची तर ती अनेक पाळ्यांत होते. प्रत्येक पाळीची प्रश्नपत्रिका निराळी. सकाळची सोपी, दुपारची अवघड. सरळ गुण जोडले तर दुपारची मुले मारली जातात. म्हणून प्रत्येकाला आपल्या पाळीत आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुण असलेले शेकडा किती, हा आकडा द्यायचा. तोच पर्सेंटाइल. त्यामागील हेतू वाईट नाही.

तीन कामे, एकच आकडा

मग गोंधळ कोठे आहे? माझ्या मते तो असा, की परीक्षा तीन वेगळी कामे करते आणि आपण तिन्हींसाठी एकच आकडा वापरतो. पहिले काम परीक्षेतील दोष दुरुस्त करण्याचे. दुसरे, मुलाला काय येते हे प्रमाणित करण्याचे. तिसरे, अपुऱ्या जागा वाटण्याचे. पहिल्या कामात सापेक्ष मापाला स्थान आहे, तेही सांभाळून. दुसऱ्यात ते सर्वथा गैरलागू आहे. तिसऱ्यात ते तूर्त अपरिहार्य असले, तरी ते रांगेचे माप आहे, माणसाचे नव्हे, हे उघडपणे सांगितले पाहिजे.

पहिले काम घेऊ. उत्तर प्रदेशातील दिवाणी न्यायाधीशांच्या भरतीबाबत संजय सिंह यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली असा निवाडा दिला की, सर्व उमेदवारांनी एकच प्रश्नपत्रिका सोडवली असेल आणि अडचण परीक्षकांच्या कडक-सैलपणाची असेल, तर उपाय ‘मॉडरेशन’चा, म्हणजे मुख्य परीक्षकाने नमुन्याच्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहून परीक्षकांना एका मापावर आणण्याचा. ऐच्छिक विषय निराळे असतील, तर ‘स्केलिंग’चा प्रश्न येतो. दोन रोगांना दोन औषधे. पण उत्तरपत्रिका पुन्हा पाहायला माणसे लागतात, वेळ लागतो, मानधन द्यावे लागते. सूत्र मात्र संगणकात एकदा घातले की फुकट चालते. सूत्राकडे प्रशासनाचा जो ओढा दिसतो, त्याचे निम्मे कारण हेच असावे.

पाळ्यांचे पर्सेंटाइल खरे ठरण्यासाठीही एक अट आहे. प्रत्येक पाळीतील मुलांचा समूह सरासरीने सारखा असला पाहिजे. समूह मोठा असेल आणि पाळ्यांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी असेल, तर ही अट बऱ्याच अंशी पाळली जाते. समूह लहान असेल किंवा वाटणी गावा-जिल्ह्यांनुसार झाली असेल, तर ती मोडते, आणि मग मुलाचा आकडा त्याच्या शेजारी कोण बसले यावर ठरतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराज येथे उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाच्या कार्यालयासमोर हजारो तरुण बसले, ते याच प्रश्नावर. परीक्षा एकाच दिवशी घ्या आणि आम्हांला ‘नॉर्मलायझेशन’ नको, एवढीच त्यांची मागणी होती. ११ तारखेला सुरू झालेल्या आंदोलनापुढे आयोग १४ तारखेला नमला आणि पीसीएसची पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचे त्याने मान्य केले. सूत्राला गणिताची पदवी लागते, पण सूत्रावर प्रश्न विचारायला लागत नाही, हे त्या मुलांनी दाखवून दिले.

आणखी एक बारकावा. जेईईचा पर्सेंटाइल दशांश चिन्हापुढे सात स्थळांपर्यंत देतात. समजा एका पाळीत वीस हजार मुले आहेत. एक मूल मागे टाकले की पर्सेंटाइल ०.००५ ने वाढतो. त्यापुढचे आकडे भागाकारातून आले. मुलाच्या ज्ञानातून नव्हे. एका प्रश्नाचे उत्तर अंदाजाने बरोबर आले की कित्येक मुले मागे पडतात. सोनाराच्या तराजूवर मातीची ढेकळे मोजावीत, तशी ही सूक्ष्मता आहे. तरीही त्या सात स्थळांकडे पाहून घराघरांत निकालाचा सुतक पाळला जातो.

वर्गातला वक्र

दुसरे काम प्रमाणित करण्याचे. येथे वक्राचा अन्याय सर्वांत उघड आहे. रोगी जेव्हा परिचारिकेच्या हाती सलाइन लावून घेतो, तेव्हा ती तिच्या वर्गात कितवी होती याच्याशी त्याला कर्तव्य नसते. तिला सुई नीट टोचता येते काय, एवढेच त्याला हवे असते. चाळीसजणींच्या वर्गात चाळीसजणींना ते येत असेल, तर चाळीसही उत्तीर्ण झाल्या पाहिजेत. आणि कोणालाच येत नसेल, तर ‘वर्गात पहिली’ असली तरी तिला परवाना देऊ नये. वक्र या दोन्ही बाजूंनी फसवतो. चांगल्या वर्गातील जाणकाराला तो कमी लेखतो आणि कच्च्या वर्गातील अर्धवटाला मोठे करतो.

कठीण प्रवेशपरीक्षेतून निवडलेल्या मुलांच्या वर्गावर वक्र लावला की काय होते, पाहा. लाखोंतून निवडलेल्या साठ मुलांत पुन्हा कोणाला तरी तळाला ढकलावेच लागते. तळाला कोण जाण्याचा संभव अधिक? ज्याचे शिक्षण मराठीत झाले आणि ज्याची पहिली सहामाही इंग्रजी व्याख्यान समजण्यातच जाते तो. ज्याच्या घरातून महाविद्यालयात जाणारा तो पहिलाच आहे तो. तीन वर्षांनी हाच मुलगा कदाचित सर्वांच्या बरोबरीला येईल. पण पहिल्या सहामाहीच्या श्रेण्या कायमच्या प्रमाणपत्रावर राहतात. राखीव जागांवर आलेल्या मुलांना ‘यांना जमत नाही’ असे हिणवणाऱ्यांच्या हाती वक्र हा पुरावा देतो. आणि तो पुरावा बनावट असतो, कारण कोणी तरी तळाला असणे हे त्या पद्धतीने आधीच ठरवलेले असते.

याहून खोल नुकसान स्नेहाचे आहे. वसतिगृहात एकाने दुसऱ्याला गणित समजावले, आपली टिपणे दिली, तर निरपेक्ष पद्धतीत देणाऱ्याचे काही जात नाही. वक्रात जाते. मित्र वर चढला की आपण खाली उतरतो. सहकार्य हा तोट्याचा व्यवहार होतो आणि वही लपवणे शहाणपणाचे ठरते. आपण संघटनेत शिकवतो, एकाचे दुःख ते सर्वांचे. वर्ग शिकवतो, एकाचे यश ते दुसऱ्याचे अपयश. अठराव्या वर्षी हा धडा पक्का झालेला तरुण पुढे युनियनची वर्गणी का देईल?

हाच वक्र पुढे कारखान्यात आणि कचेरीत त्याची वाट पाहत असतो. जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे जॅक वेल्श यांनी कर्मचाऱ्यांचे वीस, सत्तर आणि दहा टक्के असे तीन भाग पाडून शेवटच्या दहांना दरवर्षी काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मायक्रोसॉफ्टनेही सक्तीची क्रमवारी अनेक वर्षे चालवली आणि २०१३ मध्ये ती बंद केली. भांडवली कंपनीला जे अखेर परवडले नाही, ते सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठांनी का जपावे?

रांग आणि भूक

आता तिसरे काम, जागा वाटण्याचे. आणि खरी मेख येथे आहे. रेशनच्या दुकानात पन्नास माणसांचे धान्य आले आणि शंभर माणसे रांगेत उभी राहिली, तर एकावन्नावा माणूस रिकाम्या पिशवीने परत जातो. पण त्याची भूक पन्नासाव्यापेक्षा कमी होती, असे कोणी म्हणत नाही. धान्य कमी आले असेच म्हणतात. शिक्षणात मात्र एकावन्नाव्याला ‘गुणवत्ता नाही’ असे लेखी दिले जाते.

नीट परीक्षेचे उदाहरण घ्या. २०२४ साली सुमारे २३ लाख मुले या परीक्षेला बसली. देशातील एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. पात्रतेसाठी खुल्या गटाला ५०वे पर्सेंटाइल हवे. या अटीचा अर्थ असा, की सगळी मुले दुप्पट अभ्यास करून आली तरी निम्म्यांच्या आसपास मुले त्या रेषेखालीच राहणार. रेषा मुलांबरोबर वर सरकते. तिला किमान ज्ञानाची रेषा म्हणणे ही दिशाभूल आहे.

आणि गरज पडली की ती खालीही सरकते. सप्टेंबर २०२३ मध्ये नीट-पीजीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रवेशासाठी, पात्रतेचे पर्सेंटाइल सर्व गटांसाठी शून्य करण्यात आले. रिकाम्या राहणाऱ्या जागा भरायच्या होत्या. शून्य पर्सेंटाइल म्हणजे परीक्षेला बसलेला प्रत्येकजण पात्र. पात्र सगळे झाल्यावर, खाजगी महाविद्यालयातील लाखोंच्या शुल्काच्या जागेवर अखेर कोण बसणार हे शुल्कच ठरवते. दलित-आदिवासी मुलाला दहा पर्सेंटाइलची सवलत मिळाली की ‘गुणवत्तेचा बळी’ म्हणून ओरड करणारे लोक त्या दिवशी कोठे होते? साथींनो, त्या एका आदेशाने सिद्ध केले की ही रेषा जागा आणि पैसा यांच्या हिशेबाने हलते. तिला गुणवत्तेचे नाव देणे थांबवले पाहिजे.

शाळांच्या भूतकाळाचाही असाच वक्र केला जातो. साथीच्या काळात २०२१ मध्ये परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा सीबीएसईने शाळांना सांगितले की, यंदाचे गुण शाळेच्या गेल्या तीन वर्षांतील सर्वोत्तम निकालाच्या जवळपास राहिले पाहिजेत. गुणांची खैरात रोखणे हा हेतू. पण एखाद्या शाळेत यंदा चांगले शिक्षक आले, मुले झटली, तर त्यांनी आपल्या आधीच्या मुलांपेक्षा फार पुढे जायचे नाही, असा त्याचा अर्थ. इंग्लंडने आदल्या वर्षी हेच करून पाहिले होते. २०२० मध्ये तेथील यंत्रणेने सूत्र लावून शिक्षकांनी सुचवलेल्या ए-लेव्हल श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के खाली आणल्या. अगदी लहान वर्गांना सूत्र लागू नव्हते, आणि लहान वर्ग प्रामुख्याने खाजगी शाळांत. वरच्या श्रेणींतील वाढही खाजगी शाळांतच अधिक दिसली. मुले रस्त्यावर आली आणि १७ ऑगस्टला सरकारने सूत्र मागे घेतले. सूत्र कोणाला ओळखत नाही असे म्हणतात. पण ज्या जुन्या विषमतेवर ते पोसले जाते, तिला ते नेमके ओळखते.

आपली मागणी

‘मग गुणवत्तेचे काय?’ असा प्रश्न आपल्याला विचारला जाईल. आपण गुणवत्तेचे शत्रू नाही. उलट, प्रत्येक मुलाला काय येते हे नेमके मोजा, असा आपला आग्रह आहे. वक्र तेच मोजत नाही, ही आपली तक्रार आहे. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सांगितले होते की, शेतकऱ्याच्या करावर वरच्या वर्गाचे उच्च शिक्षण चालते आणि ते खाली झिरपत नाही. आज सर्वांना एकाच परीक्षेला बसण्याची मुभा आहे. पण क्लासची लाखोंची फी देणारा आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेला यांना एका वक्रावर ठेवून, दोघांतील अंतराला निसर्गाचे नाव दिले जाते. झिरपण्याचा तोच सिद्धांत वेष बदलून आला आहे.

म्हणून पाच मागण्या आपण आपल्या व्यासपीठांवरून मांडाव्यात.

एक : पदवी, पदविका व शालान्त परीक्षांत निकष आधी जाहीर करावेत आणि जो ते पुरे करील त्याला उत्तीर्ण करावे. ठरावीक टक्के अनुत्तीर्ण करण्याची वा ठरावीक टक्क्यांनाच वरची श्रेणी देण्याची सक्ती कोठेही असू नये. आयोगाच्या तत्त्वांत निरपेक्ष रीतीला मुभा असल्यामुळे हा निर्णय विद्वत्परिषदेत होऊ शकतो. आपल्या सदस्यांनी तेथे ठराव आणावेत.

दोन : परीक्षकांतील तफावत पुनर्तपासणीने दूर करावी, आणि तपासणाऱ्या शिक्षकाला योग्य मानधन व पुरेसा वेळ द्यावा. कंत्राटी प्राध्यापकाकडून रात्री जागून पेपरांचे गठ्ठे तपासून घेणाऱ्या व्यवस्थेने न्यायाची भाषा करू नये.

तीन : प्रवेशपरीक्षा शक्य तेथे एकाच पाळीत घ्यावी. शक्य नसेल, तर मूळ गुण, पाळीनिहाय सरासरी आणि सूत्र हे सारे निकालाबरोबर प्रसिद्ध करावे. उत्तरपत्रिका ही माहितीच्या अधिकारातील माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये म्हटले आहे. सूत्रही त्याच न्यायाने जनतेचे आहे.

चार : दशांशाच्या चौथ्या-पाचव्या स्थळावर माणसे निवडणे बंद करून जवळजवळ समान असलेल्यांना समान मानावे, आणि त्यांच्यात पहिल्या पिढीच्या व मागास भागातील विद्यार्थ्याला अग्रक्रम द्यावा. जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मागास जिल्ह्यांतील उमेदवारांना जादा गुण देण्याची पद्धत अनेक वर्षे राहिली आहे. तेव्हा ही काही अशक्य कल्पना नव्हे.

पाच, आणि सर्वांत महत्त्वाची : सरकारी आणि अनुदानित संस्थांतील जागा वाढवाव्यात. ही मागणी नसेल, तर पहिल्या चार मागण्या म्हणजे रांग नीट लावण्याची खटपट ठरेल.

शेवटी कार्यकर्त्यांसाठी एक सूचना. निकाल लागतात त्या आठवड्यात आपल्या वस्तीत जा. मुलांना आणि आईबापांना एकत्र बसवा आणि पर्सेंटाइल कसे काढतात ते पाटीवर मांडून दाखवा. किती जागा होत्या, किती अर्ज होते, किती जागा शुल्कावर गेल्या, हे तीन आकडे त्याखाली लिहा. घरात तोंड लपवून बसलेली मुलगी ते आकडे पाहून स्वतःविषयी काय समजते आणि सरकारविषयी काय समजते, याकडे लक्ष द्या. ती ज्या दिवशी आपल्या क्रमांकाऐवजी जागांचा हिशेब मागू लागेल, त्या दिवशी तिचा बाप एकटा मोर्चात येणार नाही. तिला बरोबर घेऊन येईल.